चरख्यावरचं चाक

त्या संध्याकाळी साडेपाचला मी सायकल काढायला मागच्या अंगणात गेले, तर सायकल होती आणि मागचं चाक नव्हतं. हँडल, सीट, पुढचं चाक, समोरची टोपली, सगळं जागच्या जागी. मागची बाजू दोन विटांवर नीट टेकवून ठेवलेली. चोर काही विटा लावून जात नाही, म्हणून मी बाहेर कुठे न बघता सरळ घरात आले. हातमागाच्या खोलीत सासूबाई चरखा फिरवून बघत होत्या आणि त्या चरख्याला माझं चाक लावलेलं होतं. टायर-ट्यूब काढली होती, पण तारांमध्ये मी हौसेने ओवलेले लाल-पिवळे मणी तसेच होते. तेही गरगर फिरत होते.

विणकराच्या घराबाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगायला हवं. मागावर आडवा धागा ज्या धोट्यातून पळतो, त्या धोट्याच्या पोटात बोटाएवढी एक कांडी असते. तिच्यावर सूत भरलेलं असतं. कांडी संपली की दुसरी घालायची, आणि माग चालू आहे तोवर कोणीतरी चरख्याशी बसून या कांड्या भरत राहायच्या. पूर्वी चरख्याचं मोठं चाक लाकडाचं असायचं. आता आमच्या गल्लीत सगळ्यांकडे जुन्या सायकलची रिम आहे. दुरुस्तीवाल्याकडे अशा गंजक्या रिमा ढिगाने पडलेल्या असतात, मागितली तर तो हसत देतो. तेव्हा आमच्या चरख्याचं जुनं चाक मोडलं होतं हे खरं असलं, तरी माझ्या चालत्या सायकलचं चाक काढायची काडीची गरज नव्हती.

"आई, हे चाक तं माह्यं हाय," मी म्हटलं.

"हो नं. मोठ्या लेकानं लावून देल्लं. म्हणे घरातली वस्तू घरातच कामी येते." सासूबाईंनी मान वर केली नाही.

हे वाक्य मी चांगलं ओळखून होते. आमच्या घरात बाईला कोणी नाही म्हणत नाही. ओरडत नाहीत, हात उगारत नाहीत, त्यामुळे बाहेर जाऊन सांगायचीही सोय नाही. फक्त तिची वस्तू कामाला लावतात. लग्नात मला माहेरून रेडिओ मिळाला होता. मागावर बसून करमत नाही म्हणून तो दुसऱ्याच आठवड्यात मागाच्या खोलीत गेला, आणि त्यावर काय लावायचं हे मला कधी कोणी विचारलं नाही. माझी लोखंडी पेटी सुताच्या लडी ठेवायला गेली. बावीस वर्षं मी हे बघत आले आणि दर वेळी 'जाऊ दे' म्हणत आले. त्या दिवशी मात्र माझं डोकं सणकलं.

आमची चौघींची टोळी होती. अंगणवाडीवाली, शिलाईवाली, कोपऱ्यावरची आणि मी. सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या. अंगणवाडीवाली दिवसभर पोरांना बडबडगीतं शिकवून घसा बसवून घेते, तरी गप्प बसत नाही. शिलाईवाली ब्लाउज शिवते, कोणाशी भांडत नाही, आणि सायकल मात्र आमच्यात सगळ्यात जोरात हाणते. कोपऱ्यावरची म्हणजे आमच्याच गल्लीच्या टोकाच्या घरातली सून. तिच्याकडेही माग, तिच्याही वाट्याला कांड्या. नवरा नागपूरला कामाला, घरात ती आणि माग चालवणारा सासरा.

सुरुवात माझ्या कंबरेने केली. जमिनीवर बसून कांड्या भरभरून ती धरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मला चालायला आवडत नाही. बाई चालताना दिसली की प्रत्येक ओट्यावरून 'कुठं चालली व?' विचारतात आणि थांबून उत्तर द्यावं लागतं. सायकलवाली थांबत नाही. माझं माहेर आंबागडच्या पायथ्याचं. वडिलांनी माग सोडून जंगलातली मजुरी धरली होती, आणि शाळा लांब म्हणून मी आठवीपासून सायकल चालवायची, उतारावर दोन्ही हात सोडून. लग्न झालं आणि ते सुटलं. अंगणवाडीवालीच्या भाच्याची जुनी सायकल विकत घेऊन मी पहिल्या दिवशी खांब तलावाला एक फेरी मारली, तेव्हा मला रडू येत होतं आणि मी हसत होते. बाकीच्या तिघी महिन्याभरात येऊन मिळाल्या.

स्पीकर अंगणवाडीवालीचा. नारळाएवढा, नारिंगी, जुन्या ओढणीच्या पट्टीने तिच्या टोपलीत बांधलेला. त्यावर सिनेमाची गाणी कमीच वाजतात. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटकं होतात, आणि या बाईला त्यांचं भारी वेड. नाटकातली गाणी ती समोर बसून मोबाइलमध्ये भरून आणते. त्यामुळे आमच्या गाण्यांत पेटी-तबल्याच्या जोडीला जनरेटरची घरघर असते, शिट्ट्या असतात, आणि एका गाण्याच्या ऐन मध्यावर कोणीतरी बाई "अवो, सरका नं तिकडं!" असं वैतागून म्हणते. आम्हाला ते वाक्यही पाठ आहे. गांधी चौकात भाजीवाल्यांच्या गर्दीत चौघी एका सुरात ते ओरडलो की लोक खरोखरच सरकतात.

चौकातून खांब तलाव, तिथून कारध्याच्या जुन्या पुलापर्यंत. तिथे पाच मिनिटं थांबायचं, भाजके शेंगदाणे खायचे. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे चढत आलं तेव्हापासून वैनगंगा बाराही महिने फुगलेली असते, वाहते की उभी आहे ते कळत नाही. मग उलट फिरायचं आणि साडेसहाला देवापाशी दिवा लावायला घरात हजर. दिवसातला तेवढा एक तास मला कोणी हाक मारत नव्हतं. मला तो तास हवा होता. याहून मोठं कारण तेव्हाही माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही.

मग कोणा टवाळाने चौकात आमचा व्हिडिओ काढला. चौघी माना डोलवत, तोंडं उघडून गात चाललेल्या, आणि खाली लिहिलेलं, 'भंडाऱ्याची नवीन बँड पार्टी'. तो फिरत फिरत समाजाच्या ग्रुपवर आला आणि भासऱ्यांनी पाहिला. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्या घरचा माग तेच चालवतात. जाऊबाई वारल्या त्याला सात वर्षं झाली, तेव्हापासून त्या मागाच्या सगळ्या कांड्या माझ्याकडे आल्या. आता आमच्यात सुनेने भासऱ्यांशी थेट बोलायचं नसतं. डोक्यावर पदर घ्यायचा आणि काय ते सासूला सांगायचं, भासरे तिथेच बसलेले असले तरी. मी म्हणायचं, "आई, त्यायले सांगा, ताट वाढलं." मग सासूबाई दोन हातांवर बसलेल्या मुलाला म्हणणार, "ताट वाढलं, ये." बावीस वर्षांत त्या माणसाशी मी एक शब्द सरळ बोलले नव्हते. व्हिडिओ पाहून तेही मला काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पाना घेऊन मागच्या अंगणात गेले.

तर त्या संध्याकाळी गल्लीत नेहमीसारख्या घंट्या वाजल्या आणि मी दारात नुसतीच उभी राहिले.

"काहून व? सायकल कुठं हाय?" अंगणवाडीवालीने विचारलं.

"चरख्याले लागली."

कोपऱ्यावरचीला लगेच समजलं. बाकी दोघींना मी आत नेऊन चरखा दाखवला. अंगणवाडीवाली काही तरी भलतंच बोलणार होती, पण सासूबाईंना पाहून तिने गिळलं. शिलाईवाली म्हणाली, "सोड. उद्या मी एक भंगार रिम आणून देतो, बदलून टाकू." उपाय साधा होता, शहाणपणाचा होता. पण मला तो नको होता. मी स्वतः चाक बदललं असतं तर महिन्याभराने सीट कुठेतरी कामी आली असती, मग हँडल. ज्यांनी काढलं त्यांनीच बसवून द्यायला हवं होतं.

त्या दिवशी आम्ही पायी गेलो. तिघींनी सायकली हातात धरल्या, स्पीकर मोठा केला आणि गल्लीतून चौघी चालत निघालो. "पंक्चर झाल्या काय?" ओट्यावरून कोणी विचारलं की अंगणवाडीवाली थांबून सांगायची, "नाही काका, हिची चरख्याले लागली." असं तिने निदान आठ जणांना सांगितलं. पुलापर्यंत काही पोचलो नाही. खांब तलावाच्या काठाला बसलो आणि तिथे मी तिघींना सांगितलं की उद्यापासून मी कांड्या भरणार नाही.

"माग बंद पडन," कोपऱ्यावरची म्हणाली.

"पडू दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला यातलं सगळं कळत होतं. कांडी भरणं हे काम कोणी कामात धरत नाही. कापड कोणी विणलं विचारा, विणकराचं नाव सांगतील. कांड्या कोणी भरल्या विचारा, तर 'बाया भरतात घरच्या' म्हणतील. दिवसभर बाईचा एक हात चाकावर आणि एक हात धाग्यावर, आणि संध्याकाळी कोणी आलं की तीच बाई 'घरीच असते'.

दुसऱ्या दिवशी मी सगळं केलं. चहा, धुणं, स्वयंपाक, सासूबाईंच्या आखडलेल्या खांद्याला तेल. फक्त चरख्याकडे फिरकले नाही. टोपलीत आदल्या दिवशीच्या काही कांड्या होत्या, त्यांवर माग खटाखट चालला. अकराच्या सुमाराला थांबला.

"आई, कांड्या पाठव म्हण," आतून आवाज आला.

मी समोरच भाजी निवडत होते. "आई, त्यायले सांगा, कांड्या भरल्या नाहीत."

सासूबाईंनी सांगितलं. आतून विचारणा आली, "कायले? तब्येत बरी नाही काय तिची?"

"त्यायले सांगा, तब्येत ठणठणीत हाय."

सासूबाईंनी तेही इमानाने पोचवलं. मग चरखा फिरल्याचा आवाज आला. भासरे स्वतः कांडी भरायला बसले होते. मी दाराच्या फटीतून पाहिलं. आयुष्यभर माग चालवलेल्या त्या माणसाला कांडी भरता येत नव्हती! कांडी सारख्या ताणाने भरायची असते, दोन्ही टोकांना निमुळती. तिचं पोट सुटलं की ती धोट्यात अडकते, सैल राहिली की सूत भसकन बाहेर येतं. त्यांची कांडी चांगली पेरूसारखी झाली. धोटा अर्ध्या वाटेत अडला, धागे तुटले, आणि ते तुटलेले धागे सांधत बसण्यात त्यांची दुपार गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. लिहिताना बरं दिसत नाही, पण हसले.

संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या घरी गेले. आमच्या गल्लीत विरजणासारख्या कांड्याही उसन्या मिळतात. कोणाची बाई आजारी पडली, बाळंत झाली, तर शेजारची भरून देते आणि पुढे कधीतरी ती फेड होते. त्या भरवशावर भासरे गेले. कोपऱ्यावरचीच्या समोर भरलेल्या कांड्यांची टोपली होती, आणि ती भासऱ्यांना दारातून दिसत होती. ती आपल्या सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, त्यायले सांगा, माह्या हात दुखून राहिला."

"आन आपल्या मागाच्या कांड्या?" सासऱ्याने विचारलं.

"उद्यापासून त्याही नाही."

मी तिला असं काही सांगितलं नव्हतं. तलावाशी ती गप्प होती तेव्हाच तिने ठरवलं असणार. मला हे कळलं तेव्हा आधी अभिमान वाटला आणि लगेच तिची काळजी. माझ्या घरात निदान ओरडत नाहीत. तिचा सासरा कसा आहे ते सगळ्या गल्लीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले दोन माग बंद. लग्नाचे दिवस तोंडावर आलेले, कोशाच्या रेशमी दुपट्ट्यांचं काम घेतलेलं, आणि व्यापाऱ्याचा फोन आला की भासरे ओट्यावर जाऊन सांगायचे, "होऊन राहिलं, होऊन राहिलं." आजूबाजूच्या बायका काही ना काही निमित्त काढून आल्या. एकीने दही मागितलं, एकीने सुई. सगळ्या चरख्याकडे बघून गेल्या. एक म्हणाली, "बाई, येवढ्याशा गोष्टीसाठी घर मोडशील." पलीकडच्या घरच्या म्हातारीने बोटाने चाकाला एक झटका दिला, मणी गरगर फिरले, आणि ते थांबेपर्यंत ती बघत उभी राहिली.

त्या दिवशी नवरा वरठीहून लवकर आला. तो तिथल्या कारखान्यात कामाला आहे. स्वभावाने गरीब, भावाच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. हातपाय धुऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "अवं, दादा चाक लावून देतो म्हणते. फक्त थो भोंगा नको. सायकल चालव, गाणे नको. ठीकच हाय नं?"

"तुम्ही वरठीले जाता तं कानात काय कोंबून जाता?"

"ते मले येकट्यालेच आयकू येते."

"आन दादाच्या मोबाइलवर मागाशी दिवसभर गाणे वाजते, ते? ते पुऱ्या गल्लीले आयकू येते नं?"

तो म्हणाला, "त्याची गोष्ट वेगळी हाय." कशी वेगळी ते मी विचारत राहिले तशी त्याने मान खाली घातली, आणि मला त्याचा रागही आला आणि कीवही.

खरं सांगते, मी मानणार होते. चाक परत मिळत होतं. तास परत मिळत होता. शिलाईवाली म्हणाली, "मिळते ते घे बाप्पा. हातचं सोडून पळत्याच्या मागं कायले लागतं?" कोपऱ्यावरचीचा विचार केला तर मला लवकर मिटवायला हवं होतं. पण मुकाट्याने, मान खाली घालून चौकातून जाणाऱ्या चार बायका मी डोळ्यांपुढे आणून पाहिल्या, आणि मला त्यांची लाज वाटली. गाताना कधी वाटली नव्हती. व्हिडिओवर लोक हसले होते, पण त्यात आम्ही चौघी सुखात दिसत होतो. भासऱ्यांना टोचलं होतं ते तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी भासरे बंद मागावर पाय सोडून बसले होते. सासूबाई दारात, मी आतल्या बाजूला.

"आई, तिले सांग, चाक आजच लावून देतो. गाणे बंद," ते म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बोला. दोन दिवसांपासून इकडचं तिकडं सांगून माह्यं तोंड दुखलं."

मी पदर नीट केला.

"भाऊजी," मी म्हटलं.

ते दचकले. त्यांनी वर पाहिलं आणि लगेच नजर मागाकडे वळवली.

"भाऊजी, तुमच्या मागाशी दिवसभर गाणे वाजते. तुम्ही लावता ते मी कांडी भरता भरता आयकतो. सात वर्षांत म्या कधी म्हटलं, बंद करा म्हणून?"

"ते घरात हाय," ते मागाला म्हणाले.

"आन मी घराबाहेर पडली का मुकी होऊन जाऊ काय?"

"लोक हसून राहिले."

"हसू द्या. व्हिडिओ म्याही पाहिला. चांगला आला हाय." आता थांबणं माझ्या हातात नव्हतं. "मले चाकही पाहिजे आन गाणंही पाहिजे. नाही तं चरखा तुमचा आन कांड्याही तुमच्या."

ते उठले. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. ते माझ्या शेजारून गेले, कोनाड्यातला पाना घेतला आणि चरख्यापाशी जाऊन बसले. हो म्हणाले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत. चाक काढलं, टायर-ट्यूब चढवली, विटा बाजूला केल्या, हवा भरली. मग दुरुस्तीवाल्याकडे गेले आणि एक गंजकी रिम फुकटात घेऊन आले.

ते बाहेर गेले असताना सासूबाई माझ्याजवळ आल्या. "तुले सांगतो, त्या दिवशी तो भंगारवाल्याले बलावत होता. पुरी सायकल देऊन टाकत होता. म्याच म्हटलं, चरख्याचं चाक मोडलं हाय, त्याले लाव. भंगारात गेली असती तं कुठं धुंडत बसली असती?"

मला आधी रागच आला. "मंग तवाच काहून नाही सांगतलं, आई?"

"सांगतलं असतं तं माह्यासंग रडत बसली असती," त्या म्हणाल्या आणि खांदा चोळत आत गेल्या. या बाईने मला वाचवलं की माझ्या जिवावर आपलं एक जुनं भांडण भांडून घेतलं, ते मला अजून ठरवता येत नाही. विचारलं तर सांगायच्याही नाहीत.

मी दुपारी नव्या रिमेवर कांड्या भरल्या आणि संध्याकाळी सायकल काढली. कोपऱ्यावरचीच्या दारात घंटी वाजवली तर ती हात हलवत बाहेर आली. तिची सायकल नव्हती. त्याच दिवशी दुपारी तिच्या सासऱ्याने ती टेम्पोत टाकून लेकीकडे पाठवून दिली होती. लेकीचं सासर गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं, आता ते पुनर्वसनाच्या नव्या गावात राहतात, तिथून शाळा लांब पडते आणि नातीला सायकल हवीच होती. यावर काय बोलणार? शाळेत जाणाऱ्या पोरीची सायकल परत मागायची असं कोण म्हणेल? मी स्वतः आठवीपासून सायकलनेच शाळेत गेलेली. तिने नागपूरला आपल्या नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, जाऊ दे.

माझं चाक आलं आणि तिची सायकल गेली. तिने कांड्या नाकारल्या नसत्या तर भासरे उसन्या कांड्यांवर आणखी आठ दिवस बसून राहिले असते आणि मी केव्हाच गुडघे टेकले असते. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, "जा तुम्ही, उशीर होऊन राहिला," आणि आत जाऊन चरख्याशी बसली. त्या दिवशी पुलावर मी शेंगदाण्यांना हात लावला नाही. मी रडले, आणि अंगणवाडीवालीने स्पीकर बंद केला तेव्हा तिच्यावर ओरडले, "बंद कायले करतं? त्याच्यासाठीच तं गेली तिची सायकल!"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघी रोज तिच्या दारापुढे थांबू लागलो. सायकलवरून उतरायचं नाही, एक पाय जमिनीवर, स्पीकर पूर्ण मोठा. सासरा ओट्यावर बसलेला.

"पुढं व्हा नं बाई," तो म्हणायचा.

"गाणं संपू द्या, काका," अंगणवाडीवाली म्हणायची. तिची गाणी नाटकातली, दहा-दहा मिनिटांची. आतून चरख्याचा आवाज यायचा. तो कधी कधी गाण्याच्या ठेक्यावर फिरत असल्यासारखा वाटायचा, पण ते माझ्या मनाचे खेळही असतील. गाणं संपलं की आम्ही निघायचो. असे कितीतरी दिवस गेले. सासरा रोज थोडा जास्त चिडायचा, शिलाईवाली रोज म्हणायची आज नको, आणि रोज तीच सगळ्यात पुढे असायची.

मग एका संध्याकाळी गाणं मध्यावर आलं असताना चरख्याचा आवाज थांबला. कोपऱ्यावरची बाहेर आली. चपला घातल्या, साडीचा पदर कमरेला खोचला, आणि सासऱ्यासमोरून तीन पायऱ्या उतरून माझ्या कॅरिअरवर बसली. एका बाजूला नाही, दोन्हीकडे पाय टाकून.

"आन कांड्या?" सासऱ्याने विचारलं.

"टोपलीत हायेत."

"नाही पुरल्या तं?"

"नाही पुरल्या तं चरखा मोकळाच हाय, मामाजी. बसा," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीत एक थाप घातली. "हाण व."